चढलेली झाक आणि चढवलेली झाक : नाण्यांच्या साक्षीविषयी काही विचार

विनयपिटकाने भिक्खूला सोन्यारुप्याचा स्वीकार निषिद्ध ठरविला आहे. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत ज्या दहा वस्तूंवरून वाद माजला, त्यांतही उपासकांकडून कहापण घेण्याची वस्तू होती. असे असता विहाराच्या आश्रयाने चालणाऱ्या या नियतकालिकात नाण्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर असे की, भिक्खूने नाणे घ्यावे की न घ्यावे हा शीलाचा प्रश्न होय, आणि नाणे देत असलेली साक्ष खरी की खोटी हा प्रज्ञेचा प्रश्न होय. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला, किंवा मुळीच लिहिला नाही, त्या समाजाला साक्षीदारांची पारख अधिक काटेकोरपणे करावी लागते.

गेल्या वर्षावासात इंदापूर तालुक्यातील शेळगाव येथे प्रवचनासाठी जाण्याचा योग आला. प्रवचनानंतर एका वृद्ध उपासकांनी आम्हांस घरी नेले आणि दोन वस्तू पुढे ठेवल्या. पहिली वस्तू म्हणजे तळहातावर मावेल एवढी, काळीभोर, तांब्यासारख्या धातूची चकती. तिच्या एका बाजूस पद्मासनस्थ बुद्धमूर्ती आणि भोवती ब्राह्मीसारखी दिसणारी अक्षरे होती. "सम्राट अशोकाच्या काळातले नाणे" म्हणून एका आठवडी बाजारात काही हजार रुपये मोजून त्यांनी ती घेतली होती. गावच्या विहारात काचेच्या पेटीत ती मांडावी आणि खाली आम्ही चार ओळी लिहून द्याव्यात, अशी त्यांची इच्छा होती. दुसरी वस्तू होती पत्र्याच्या डब्यात जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले त्यांच्या आजीचे सात राणीछाप रुपये. ते काळवंडलेले असल्यामुळे त्यांना जरा संकोच वाटत होता. "सर, हे चिंचेने घासून घेतो, मग दाखवतो," असे ते म्हणाले. आम्ही त्यांचा हात धरला.

पुढील विवेचन त्या दोन काळ्या रंगांविषयी आहे. एक काळेपण काळाने आपसूक चढविलेले होते, दुसरे माणसाने मुद्दाम चढविलेले. सोयीसाठी आम्ही पहिल्याला 'चढलेली झाक' आणि दुसऱ्याला 'चढवलेली झाक' म्हणू.

हेरञ्ञिकाची दृष्टी

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या परिच्छेदात सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा यांतील भेद समजावून देण्यासाठी नाण्यांचाच दृष्टान्त घेतला आहे. सराफाच्या फळीवर कहापणांची रास पडलेली आहे. अजाण बालक ती पाहते तेव्हा त्याला केवळ रंग आणि आकार दिसतो. खेडूत माणसाला त्यापलीकडे एवढे कळते की, ही माणसांच्या उपभोगाची, मोलाची वस्तू आहे. परंतु हेरञ्ञिक, म्हणजे नाणेपारखी सराफ, याला त्यांतील कोणते खरे, कोणते खोटे, कोणते अर्ध्या कसाचे हेही कळते. तो डोळ्यांनी पाहतो, आपटून नाद ऐकतो, वास घेतो, चव पाहतो, हातावर तोलतो. आणि कोणत्या गावी, कोणत्या नगरात, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने ते घडविले हेही सांगतो. पहिली अवस्था सञ्ञेची, दुसरी विञ्ञाणाची, तिसरी पञ्ञेची.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. या विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला, ते आचार्य धर्मानंद कोसंबी. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४०च्या दशकात आहत नाणी शास्त्रीय तराजूवर तोलून त्यांचा कालक्रम लावण्याचा मार्ग घालून दिला. नाणे हातोहात फिरते तसतसे झिजते; म्हणून झिजेच्या प्रमाणावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. त्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणीही तोलून झिजेचा वेग तपासला. पित्याने हेरञ्ञिकाचा दृष्टान्त संपादिला, पुत्राने त्या हेरञ्ञिकाच्या हाती गणित दिले.

नाणे घासणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न का नाही, हे यावरून ध्यानी यावे. घासताना नुसता काळिमा जात नाही, त्याखालची धातूही जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी केलेली झीज आणि काल सकाळी राखेने केलेली झीज तराजू वेगळी ओळखू शकत नाही.

चांदी का काळवंडते

हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन पृष्ठावर रजत-सल्फाइडचा थर जमतो. हा थर आरंभी इतका पातळ असतो की, तो स्वतः काळा दिसत नाही. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग उत्पन्न होतात. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरील तेलाच्या तवंगावर जे रंग दिसतात, त्यांचे कारणही हेच.

थराची जाडी वाढते तसे हे रंग ठरावीक क्रमाने येतात. प्रथम फिकट पिवळा, मग सोनेरी-तपकिरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. त्यानंतर पुन्हा फिकट होऊन पुढील आवर्तन, आणि अखेर करडा व काळा. नैसर्गिक झाक बहुधा कडेकडून आत येते, कारण बांधलेल्या वा रचलेल्या नाण्याच्या कडेला हवा अधिक लागते. म्हणून कडेला निळा, त्याच्या आत जांभळा, मध्यभागी सोनेरी अशी उतरती श्रेणी दिसली, तर ती काळाच्या हिशेबाशी जुळते. पिवळ्याला लागूनच एकदम गडद निळा डाग असेल आणि मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतील, तर शंका घ्यावी. गंधकाची धुरी, उष्णता किंवा रसायनांचे शिंतोडे यांनी घाईने चढविलेल्या रंगांत अशा उड्या पुष्कळदा आढळतात.

पालीच्या अभ्यासकाला या ठिकाणी एक मोह होतो. समन्तपासादिकेत दुसऱ्या पाराजिकाच्या विवरणात चोरीच्या वस्तूचे मोल ठरविताना जुना 'नीलकहापण' प्रमाण धरावा, रुद्रदामक आदी इतर नाणी धरू नयेत, असे सांगितले आहे. 'नील' शब्दाच्या पोटात पालीत निळ्यापासून काळपटापर्यंतच्या छटा येतात. तेव्हा नीलकहापण म्हणजे काळवंडलेले जुने रौप्य नाणे, असे म्हणून टाकावे काय? अट्ठकथेने त्या नावाचे असे कारण दिलेले नाही. ते आपल्या पदरचे घालणे म्हणजे मूळ पाठावरच झाक चढविणे होय. नाण्याला लावायचा नियम ग्रंथालाही लावला पाहिजे.

पारखीच्या काही खुणा

रंगांच्या क्रमाखेरीज आणखी काही खुणा आहेत. चलनात फिरलेल्या नाण्यावर गाल, नाक, मुकुट, अक्षरांचे माथे हे उंच भाग हाताळणीने घासले जाऊन उजळ राहतात आणि खोलगट भागांत काळिमा टिकतो. चढवलेली झाक बहुधा हा भेद पाळत नाही. उंचवटा आणि खळगा दोन्ही सारखेच काळे असतात, नाही तर द्रव साचला असेल तेथे डबकी दिसतात.

दुसरी खूण ओरखड्यांची. झाक चढल्यानंतर ओरखडा पडला असेल, तर तो उजळ दिसतो. आधी पडला असेल, तर त्यातही झाक उतरलेली असते. संपूर्ण पृष्ठावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा असून त्या साऱ्यांवर रंग पसरलेला दिसला, तर ते नाणे आधी घासले आणि मागाहून रंगले, असा निष्कर्ष निघतो. तो रंग आपसूक आलेला असू शकतो, पण ते पृष्ठ मूळचे उरलेले नसते.

तिसरी खूण तकाकीची. नैसर्गिक पातळ झाकेखालून टाकसाळीची मूळ चमक तिरप्या उजेडात नाणे फिरविले असता हलताना दिसते. रसायनाने पृष्ठ खाल्ले गेले असेल, तर रंग झगझगीत असूनही खालचे अंग मृतवत् वाटते.

चौथी खूण साठवणीची. कापडात बांधलेल्या नाण्यावर विणीची जाळी उमटते; एकावर एक ठेवलेल्या नाण्यांत झाकला गेलेला भाग चंद्रकोरीसारखा वेगळा राहतो. अशा ठशांची नाण्याच्या सांगितलेल्या हकिकतीशी सांगड बसते की नाही, हे पाहावे.

शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडविलेला कापूस हळूच टेकविला असता रंग, लाख, मेण किंवा काजळीचा लेप सुटून येतो. चांदीचे सल्फाइड सुटत नाही. मात्र या परीक्षेत उतरलेली झाक नैसर्गिकच असते, असे नाही. गंधकाने मुद्दाम चढविलेला थरही रसायनदृष्ट्या तेच सल्फाइड असतो. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. सावकाश आणि कौशल्याने चढविलेली झाक जाणकारालाही कधी कधी फसविते. अशा वेळी 'निर्णय होत नाही' असे म्हणणे हाच खरा निर्णय असतो.

तांबे, पोटीन आणि शिसे

आपल्या प्रदेशातील सातवाहनांची नाणी प्रामुख्याने शिसे, तांबे आणि पोटीन (तांबे, कथील व शिसे यांची मिश्रधातू) यांची आहेत. चांदीचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जमिनीत पुरलेल्या तांब्यावर प्रथम लालसर ऑक्साइडचा थर येतो आणि त्यावर हिरवा थर चढतो. हा थर धातूतूनच उगवलेला असल्यामुळे कठीण असतो आणि नाण्याच्या अक्षरांचे काठ त्यातही शाबूत राहतात. चिकटवलेली हिरवी माती किंवा रंग सुईच्या टोकाने पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली लाल थर न लागता उघडी धातू लागते. फिकट हिरवी भुकटी वारंवार येत असेल, तर तो क्लोराइडचा रोग होय. असे नाणे कोरडे आणि इतरांपासून वेगळे ठेवून तज्ज्ञाला दाखवावे. शिशावर करडा-पांढरा कार्बोनेटचा थर येतो. लाकडी कपाट आणि हलका पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्ल वाफांनी तो फोफावतो आणि नाण्याची माती होते.

हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत. विद्यार्थिदशेत एका स्नेह्याच्या घरचे तांब्याचे नाणे आम्ही उत्साहाने लिंबाच्या रसात टाकले. हिरवा थर गेला आणि त्या थरातच टिकून राहिलेली अक्षरेही गेली. खाली खड्डे पडलेली तांबूस चकती उरली. त्या राजाचे नाव काय होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

एका नाण्याने काय सिद्ध होते

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० रौप्य नाण्यांचा निधी सापडला. सारी नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. क्षहरातांचा उच्छेद केल्याचा जो दावा नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखात आहे, त्याला हा निधी धातूचा पुरावा ठरला. याच नहपानाचा जामात उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील संघासाठी ३,००० कहापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले होते. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज होते. वर्षाचे २४० कहापण होतात आणि वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी पुरतात. शिलालेखाचा हिशेब असा चोख जुळतो.

अशा पुनर्मुद्रित नाण्याची पारख करताना झाकेचे महत्त्व कळते. दोन्ही ठसे प्राचीन असतील, तर निधीत गेल्यापासूनची झाक दोहोंवर सारखीच पसरलेली असली पाहिजे. नहपानाच्या खऱ्या नाण्यावर कोणी आज सातवाहनी चिन्ह ठोकले, तर तो ठसा जुनी झाक फोडून जाईल. मग ते छिद्र लपविण्यासाठी झाक चढवावी लागेल, आणि तेथेच ढोंग उघडे पडेल.

तथापि अस्सल नाणेदेखील आपल्याला हवे ते सर्व सांगत नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. तेथील पाषाणकरंडकात धातुपात्रे, आठ कांस्यमूर्ती आणि गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे एक रौप्य नाणे निघाले. नाणे अस्सल, स्थळ निःसंशय. परंतु त्या कांस्यमूर्ती शैलीवरून कित्येक शतकांनंतरच्या मानल्या जातात. तेव्हा केवळ नाण्यावरून संपूर्ण निक्षेपाचा काळ ठरविता येत नाही. सातवाहनांच्या नाण्यांवरील तीन कमानींच्या चिन्हाचेही तसेच. त्याला चैत्य म्हणण्याची रूढी आहे, तर काही अभ्यासक त्याला पर्वत मानतात. तो चैत्यच असावा असे आपल्याला वाटते, एवढ्याने तो चैत्य ठरत नाही.

शेळगावची पेटी

आता शेळगावच्या त्या दोन वस्तूंकडे वळू. काळ्या चकतीला अ‍ॅसिटोनचा कापूस टेकविताच तो काळा झाला आणि खाली पिवळी धमक पितळ चमकू लागली. कडेवर साच्याची शिवण होती. झीज कोठेच नव्हती. खरे पाहता झाकेपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नव्हती. मौर्यकालीन चलन आहत नाण्यांचे. त्यांवर ठोकलेली चिन्हे असतात, बुद्धमूर्ती नसते. अशोकाचे नाव असलेले एकही नाणे ज्ञात नाही. नावासह बुद्धप्रतिमा नाण्यांवर अवतरते ती कुषाण सम्राट कनिष्काच्या काळी, आणि तेथील अक्षरे ग्रीक वळणाची आहेत. बाजारात राम-सीता किंवा हनुमान यांचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली बनावट 'नाणी' चमत्कारी म्हणून खपविली जातात. बुद्धाची चकती हा त्याच कारखान्याचा दुसरा माल. श्रद्धेचे गिऱ्हाईक बदलले, एवढेच.

हे सांगताना आम्हांस जड गेले. उपासक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे दाखवायला काहीच नाही." त्यावर आम्ही चिंधीतले रुपये उजेडात धरले. कडेला निळसर, आत तांबूस, मध्ये सोनेरी; राणीचा गाल उजळ, केसांच्या बटांत काळिमा; मागील बाजूस लुगड्याची वीण उमटलेली. चढलेली झाक याहून स्पष्ट असू शकत नाही. त्यांपैकी तीन रुपयांच्या माथ्यावर डाक लावून बसविलेल्या कड्यांचे अवशेष होते आणि तेथे आचेने रंग वेगळा पडला होता. संग्राहकाच्या बाजारात अशा नाण्याची किंमत उतरते. इतिहासाच्या दृष्टीने तीच त्याची किंमत आहे. दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या एका बाईने मजुरीतून रुपया रुपया बाजूला टाकला, गळ्यात घातला, अडचणीच्या दिवसांतही सातांना हात लावला नाही, एवढे त्या डागावरून आणि घरातल्या आठवणीवरून कळते.

हा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारांत अकरा भाग चांदीचा. याच रुपयाची टाकसाळ १८९३ मध्ये सर्वसामान्यांच्या चांदीला बंद झाली आणि त्याचे मोल चांदीपासून तुटले. त्या व्यवहाराची चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधात केली. रुपयाच्या क्रयशक्तीची घसरण गरिबाला कशी भोवते, हे त्यांनी ग्रंथात मांडले; आजीने ते गळ्यात वागविले. दोन्ही साक्षी एकाच इतिहासाच्या आहेत.

वाचकांस आमची विनंती एवढीच. घरातील जुनी नाणी घासू नयेत. ती कडेला धरून हाताळावीत, आम्लविरहित कागदात किंवा निर्धोक पाकिटात ठेवावीत. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नयेत. जमिनीत निधी सापडल्यास १८७८च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती द्यावी आणि भांडे, माती, जागा यांसह नोंद होऊ द्यावी. शंका असल्यास नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी विचारावे. ६ डिसेंबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतिवर्षानिमित्त प्रसिद्ध झालेले १२५ रुपयांचे स्मारक नाणे अनेक घरांत जपलेले आहे. त्यात निम्मी चांदी असल्याने तेही काळवंडणार. काळवंडू द्यावे.

शेळगावच्या पेटीसाठी चार ओळी आम्ही लिहून दिल्या. त्यांत आजींचे नाव, रुपयांवरील वर्षे, ते कसे जमले आणि कशात बांधलेले होते, एवढाच मजकूर आहे. पितळी चकती उपासकांनी फेकली नाही. पेटीच्या खालच्या खणात तिला ठेवून, अर्धी पुसलेली तशीच, त्यांनी स्वतःच्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे : "हे खोटे आहे. कसे ओळखावे ते विचारा."